स्टोअरहेडची उलटी प्रदक्षिणा

देवळात आपण देव उजव्या हाताला ठेवून फिरतो. इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्यातल्या स्टोअरहेडच्या बागेत मात्र तळं डाव्या हाताला ठेवून फिरायचं. बाग रचलीच तशी आहे. बरेच पर्यटक गावाकडून खाली येतात, दगडी पुलाशी फोटो काढतात आणि डावीकडे अपोलोच्या देवळाचा चढ धरतात. तिथून सगळं तळं, पूल आणि समोरचं पँथिऑन (रोमच्या पँथिऑनच्या धर्तीवरचं घुमटाचं देऊळ) एका नजरेत दिसतं, आणि पुढच्या तासाभरासाठी नवं काही उरतच नाही. खरं तर हा देखावा सगळ्यात शेवटी पाहायचा.

पुलापासून पूर्वेच्या काठाने उत्तरेकडे निघा. आधी फ्लोराचं छोटं देऊळ लागतं. इथून पँथिऑन पाण्यापलीकडे लांबवर दिसतं, मग झाडांआड जातं. तळ्याला वळसा घालून पलीकडच्या काठाला आलात की वाट ग्रॉटोत उतरते. ग्रॉटो म्हणजे मुद्दाम बांधलेली गुहा, १७४८ सालची. आत डोळे सरावायला अर्धा मिनिट द्या, घाई करू नका: जमीन ओली, खडबडीत, आणि पायऱ्या अंधारातच लागतात. वरच्या गोल झरोक्यातून उजेड पडतो. झोपलेल्या जलदेवतेच्या खालून झऱ्याचं पाणी वाहतं. पांढरी दिसली तरी ही मूर्ती संगमरवरी नाही, रंगवलेल्या शिशाची आहे. शेजारच्या भिंतीत एक ओबडधोबड खिडकी आहे. तिच्यातून तळं जवळजवळ पाण्याच्या पातळीवरून दिसतं. इथे खाली वाका, लहान मुलांना पुढे करा. पूर्ण बागेत इतकी नेमकी बसवलेली दुसरी चौकट नाही. बाबागाडी किंवा व्हीलचेअर असेल तर गुहेला वळसा घालणारी वाट घ्या.

गुहेतून वर आलं, गॉथिक कॉटेज मागे टाकलं की लांब दिसलेलं पँथिऑन एकदम अंगावर येतं. हेन्री फ्लिटक्रॉफ्टने ते १७५३-५४ मध्ये बांधलं. आत रिझब्रॅकने घडवलेला संगमरवरी हर्क्युलिस आहे. पुढे तळ्याचा बांध ओलांडायचा आणि मग अपोलोच्या देवळाचा चढ. तो खरोखर तीव्र आहे, गुडघे दुखत असतील तर खालच्या सपाट वाटेने पुलाशी या. थांबत, बघत ही फेरी दीड तासाची.

हे सगळं केलं ते एका सावकाराच्या घराण्याने. होअर बँक १६७२ची, आजही त्याच घराण्याकडे आहे. १७२० मध्ये साऊथ सी कंपनीच्या शेअरचे भाव फुगून कोसळले, त्या ‘साऊथ सी बुडबुड्यात’ अनेकांचं दिवाळं वाजलं, पण या बँकेने शेअर वेळेत विकून नफा कमावला. त्या साऊथ सी कंपनीकडे गुलामांच्या व्यापाराचा मक्ता होता, हेही इथे फिरताना लक्षात असावं. ही जागा १७१७ मध्ये विकत घेतली गेली आणि पुढे स्टोर्टन घराण्याचा जुना वाडा पाडून कोलेन कॅम्पबेलच्या आराखड्याने नवं घर उभं राहिलं. दुसऱ्या हेन्री होअरने १७४०च्या दशकात बाग सुरू केली. दरीत उगम पावणाऱ्या स्टोअर नदीचं पाणी बांध घालून अडवलं, त्याचं हे तळं. चित्रकार क्लोद लोरँच्या चित्रांतला इटलीचा देखावा त्याला खऱ्या मातीत हवा होता. त्या काळी अनेक जमीनदारांनी देखाव्याच्या आड येतात म्हणून गावंच्या गावं हलवली. इथे उलट गावातलं चर्च आणि घरं देखाव्यात घेतली. पुलाजवळ उभा असलेला उंच नक्षीदार खांब ब्रिस्टल शहरातला, मध्ययुगातला आहे. रहदारीला अडचण म्हणून तिथल्या चौकातून तो हटवला गेला, शेवटी होअरने इथे आणून बसवला. आणि पाच कमानींच्या त्या पुलावर चक्क गवत आहे! वाहतुकीसाठी तो बांधलेलाच नाही, लांबून बघण्यासाठी आहे.

केव्हा जायचं? मे-जूनमध्ये ऱ्होडोडेंड्रॉन फुलतात आणि गर्दी त्यासाठी लोटते. पण ती फुलं बहुतांशी नंतरच्या पिढ्यांनी लावलेली, मूळ कल्पना हिरव्याच्या छटांची होती. आमच्या मते ऑक्टोबरचा शेवटचा पंधरवडा सर्वात चांगला. मात्र ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि त्यानंतर पाचच्या आतच अंधारतं. वेळ सकाळचीच ठेवा. पँथिऑन पूर्वाभिमुख आहे, सकाळचं ऊन थेट त्याच्या खांबांवर येतं आणि वारा पडलेला असेल तर प्रतिबिंब अखंड दिसतं. दुपारनंतर सूर्य त्याच्या मागे जातो, मग फोटोत नुसती काळी आकृती उरते.

लंडनहून रेल्वेने यायचं तर वॉटर्लू स्थानकावरून डॉर्सेटमधल्या गिलिंगमला या, साधारण दोन तास लागतात. केंटमध्ये अगदी याच स्पेलिंगचं दुसरं स्टेशन आहे, त्याचा उच्चार ‘जिलिंगम’. तिकीट काढताना परगणा तपासला नाही तर दिवस वाया जातो. स्टेशनपासून बाग दहा-अकरा किलोमीटर. बसचा भरवसा धरू नका, टॅक्सी जाण्यायेण्याची आदल्या दिवशीच ठरवा. मोटारीने आलात तर ए-३०३ रस्ता आणि मिअर गावाचा फाटा. हाच रस्ता स्टोनहेंजजवळून जातो, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी तिथे हमखास कोंडी होते.

ही मालमत्ता नॅशनल ट्रस्टची, म्हणजे जुनी घरं आणि बागा जपणाऱ्या संस्थेची. तिकिटाला बहुधा दोन दर दिसतात. त्यातला जास्तीचा, देणगी धरून असलेला ‘गिफ्ट एड’चा दर ब्रिटनमध्ये कर भरणाऱ्यांसाठी आहे. भारतातून आलेल्या आईवडिलांसाठी साधा दरच सांगा. तिकडे राहणाऱ्यांनी वर्षात अशी चार-पाच ठिकाणं पाहायचं ठरवलं असेल तर ट्रस्टचं सभासदत्व परवडतं आणि त्यावर स्टोनहेंजही मोफत होतं, जरी ते इंग्लिश हेरिटेज ही दुसरी संस्था सांभाळते. जवळचं लाँगलीट (वाडा आणि सफारी पार्क) मात्र खासगी, तिथे हे कार्ड चालत नाही.

कँटीनमध्ये सूप, भाजलेला बटाटा, स्कोन आणि चहा असं साधं खाणं मिळतं. अंडं चालत नसेल तर काउंटरवर ॲलर्जीची यादी मागा. अंड्याचा उल्लेख त्यात कायद्याने करावाच लागतो. जिलेटिनचा करावा लागत नाही, तेवढं तोंडी विचारा.

घर बागेनंतर बघा, पण शेवटच्या प्रवेशाची वेळ सकाळीच विचारून ठेवा. बागेच्या मानाने ते लवकर बंद होतं, हिवाळ्यात तर बरेच दिवस बंदच असतं. पाठीवरची बॅग पुढे घ्यावी लागते, फ्लॅश चालत नाही. पडदे ओढलेले पाहून बरेच जण कुरकुरतात. पण उजेडाने उडालेला कापडाचा रंग परत आणता येत नाही, म्हणून हा अंधार. १९०२च्या आगीत मधला भाग जळाला, दोन्ही बाजू वाचल्या. वेळ कमी असेल तर त्याच बघा. एका बाजूला लायब्ररी: अर्धगोल छत आणि फर्निचर घडवणाऱ्या धाकट्या चिपेंडेलचं मोठं लिहायचं टेबल, ज्याच्या पायांवर इजिप्शियन आणि तत्त्वज्ञांची डोकी कोरली आहेत. खाली वाकून बघितल्याशिवाय ती नीट दिसत नाहीत. पोप पाचव्या सिक्स्टसचं कपाटही चुकवू नका. आग्र्याची पच्चीकारी पाहिलेल्या माणसाला त्यावरचं रंगीत दगडांचं जडावकाम लगेच ओळखीचं वाटेल.

खोल्यांमध्ये उभे असलेले स्वयंसेवक आपणहून फारसं बोलत नाहीत, पण विचारलं की भरभरून सांगतात. त्यांना हॅरीबद्दल विचारा. शेवटच्या होअर दांपत्याचा हा एकुलता एक मुलगा १९१७ मध्ये, पहिल्या महायुद्धात गेला. वारस उरला नाही. १९४६ मध्ये त्यांनी घर आणि बाग ट्रस्टला देऊन टाकली, आणि पुढच्याच वर्षी दोघंही एकाच दिवशी वारली.