नोकरी सांभाळून मिडवाइफरी: पूर्णवेळ, अर्धवेळ की ऑनलाइन?

नर्सिंग झालं आहे, नोकरी चालू आहे आणि घरी लहान मूल किंवा वयस्क माणसं आहेत. अशा वेळी मिडवाइफरीच्या, म्हणजे गरोदरपण-बाळंतपणाच्या काळजीच्या, पदवीसाठी तीन रस्ते दिसतात: रजा घेऊन पूर्णवेळ, नोकरी करत अर्धवेळ, किंवा थिअरी ऑनलाइन आणि क्लिनिकल (रुग्णांसोबतचं प्रत्यक्ष काम) जवळच्या प्रसूतीगृहात. बहुतेक जण फी आणि वेळापत्रक पाहून ठरवतात. खरी ओढाताण मात्र लेबर रूमच्या पोस्टिंगमध्ये, म्हणजे तिथल्या शिकाऊ ड्युटीत, होते, म्हणून तुलना तिथूनच करावी.

मिडवाइफच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या निकषांप्रमाणे नर्सिंगनंतरचा अभ्यासक्रम किमान १८ महिन्यांचा असतो आणि त्यातला किमान निम्मा भाग प्रत्यक्ष कामाचा. शिवाय बाळंतपणांची संख्या भरावी लागते. युरोपियन युनियनच्या नियमांत ती किमान ४० आहे. तेवढ्या केस मिळत नसतील तर ३० चालतात, पण मग आणखी २० बाळंतपणांत मदत केलेली असावी लागते.

ही संख्या घड्याळ लावून भरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशी पाहा. पहिलटकरणीत गर्भाशयाचं तोंड ५ सेंटीमीटरपासून पूर्ण उघडायला १२ तासांपर्यंत आणि पुढे बाळ बाहेर यायला ३ तासांपर्यंत लागू शकतात. आठ तासांच्या पोस्टिंगमध्ये सकाळी तुम्ही तपासलेली बाई रात्री दुसऱ्या कुणाच्या हातून मोकळी होते. दिवसभर राबूनही ती केस तुमच्या लॉगबुकात (केलेल्या कामाच्या नोंदवहीत) बाळंतपण म्हणून चढत नाही.

अर्धवेळ शिकणारे नेमके इथेच अडकतात. थिअरी जमते: आठवड्याला ६ तास वर्ग असतील तर घरी आणखी १२ तास वाचन धरा. पण क्लिनिकल आठवड्यातले ठरावीक दोन दिवस घेतलं की केस निसटतात, मुदत वाढते आणि दोन वर्षांपूर्वी शिकलेली थिअरी तोवर विसरायला होते. नाइट करून थेट पोस्टिंगला जाणं तर टाळाच. झोपेअभावी योनीमार्गाच्या तपासणीचा अंदाज चुकतो, पार्टोग्राफच्या (बाळंतपणाच्या प्रगतीच्या तक्त्याच्या) नोंदी राहून जातात. त्याची किंमत आई आणि बाळ मोजतात.

पूर्णवेळात पगार थांबतो, पण थिअरी आणि हाताचं काम जोडीनं चालतं. रजा मंजूर होताना सेवा सलग धरली जाईल का आणि परतल्यावर तीच जागा मिळेल का, हे लेखी घ्या.

ऑनलाइनमध्ये प्रवास वाचतो, मात्र क्लिनिकलची जागा कोण शोधणार? कॉलेज, की तुम्ही? कॉलेज आणि रुग्णालय यांच्यातला करार व्हायला महिने जाऊ शकतात. मार्गदर्शक मिडवाइफ मध्येच रजेवर गेली तर बदली कोण, हेही आधी विचारा. स्वतःच्याच रुग्णालयात पोस्टिंग मिळाली की सोय वाटते, पण वॉर्डात माणूस कमी पडलं की पहिली हाक तुम्हालाच येते. त्या दिवसांत तुमची गणना स्टाफमध्ये होणार नाही, हे मेट्रनकडून लिहून घ्या.

रात्री दोनला लेबर रूममधून फोन आला तर अर्ध्या तासात घरी येऊन मुलाजवळ थांबेल असं एक माणूस हवं, आणि ते आजारी पडलं तर दुसरं. ही दोन नावं नसतील तर तिन्ही रस्ते सारखेच अवघड आहेत.

नावं ठरलेली असतील आणि कॉलेजचे नियम परवानगी देत असतील, तर आमचा कल मिश्र मार्गाकडे आहे: थिअरी नोकरी करत, आणि साठवलेली रजा सगळी क्लिनिकलच्या सलग महिन्यांसाठी. बाळ अंगावर पीत असेल तर क्लिनिकल पुढे ढकलता येतं का आणि पदवी पूर्ण करण्याची कमाल मुदत किती, हे फी भरण्याआधी विचारा.