घरी येऊन रक्त नेणारी लॅब: साडेतीन स्टार

कोथरूडला पोळी-भाजी केंद्र चालवते, त्यामुळे सकाळी सात ते साडेसात एवढीच मला फुरसत. बुकिंग सातचं, मुलगा उगवला आठ वीसला. तोवर बिनचहाच्या पन्नास पोळ्या लाटून झाल्या होत्या! लॅबचं नाव घेत नाही, कारण पोराचा हात फार हलका. सुई टोचलेली कळलीसुद्धा नाही.

उपाशीपोटी साखर ९६. मी खूश. पण एचबीएवनसी नावाची दुसरी रक्तचाचणी आली ६.१. मग लॅबच्या डॉक्टरीणबाईंनी फोनवर जे समजावलं, त्याचेच हे स्टार. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. एचबीएवनसीत त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजली की गेल्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब निघतो. सकाळची साखर म्हणजे नुसता त्या घटकेचा गल्ला. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. शरीरातल्या पेशी साखर आत घ्यायला लावणाऱ्या इन्शुलिनला दाद देईनाशा होतात, मग स्वादुपिंड जास्त इन्शुलिन ओतून वर्षानुवर्षं भागवत राहतं. रिपोर्ट छान दिसतात. स्वादुपिंड थकलं की साखर चढते. माझ्या दोन्ही पोळीवाल्या सुट्टीवर गेल्या की मी एकटीच ओढते आणि गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नाही, तसंच की हे!

रिपोर्ट त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर. छापील प्रतीचे पन्नास रुपये वेगळे, हे काही पटलं नाही. तीन महिन्यांनी पुन्हा यांच्याकडेच, पण मीच लॅबमध्ये जाईन.