धान्य सोडायचंय, पण पावाचं काय? चार वाटा शेजारी-शेजारी ठेवून

मिसळ कधी नुसती चमच्याने खाल्लीय का, ब्रेडशिवाय? मी खाल्लीय. धान्य सोडून अकरावा दिवस होता, कोल्हापुरात मित्रांबरोबर बसलो होतो, आमच्याकडे मिसळीबरोबर पाव नाही तर स्लाइस ब्रेड येतो, बाकीचे तिघं ब्रेडचा कोपरा मोडून कटात बुडवतायत आणि मी चिवड्यातले पोहे एकेक करून बाजूला सारतोय. वेटरने तीनदा विचारलं ब्रेड आणू का म्हणून, तिसऱ्यांदा तर चेहऱ्यावर सरळ काळजी होती, पेशंट आहे वाटतं बिचारा. पण त्या दिवशी एक गोष्ट कळली ती पुढे खूप उपयोगी पडली, मला ब्रेडची चव आठवत नव्हतीच, ब्रेडला तशी चव असते कुठे, मला आठवत होतं ते बुडवणं.

हे आधी सांगतोय कारण धान्य सोडायचं ठरवणारे सगळे वजन, शुगर, कॅलरी यावरच बोलतात, आणि गाडी घसरते ती पावावर. वडापाव, पावभाजी, चहाबरोबर खारी, इराण्याकडचा ब्रून मस्का. भात सुटतो हो, मला तर तीन दिवसांत सुटला. पाव सुटत नाही.

आता मुळात धान्य सोडलं म्हणजे काय सोडलं हे आधी ठरवा. आमच्या आईने पहिल्याच दिवशी पकडलं, "धान्य सोडलंस म्हणतोस आणि मटकीची उसळ काय खातोस, कडधान्य म्हणजे धान्यच ना?" बरोबरच आहे तिचं. गहू, तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, ओट ही सगळी तृणधान्यं, म्हणजे गवताच्या जातीची. मूग, मटकी, हरभरा हे वेगळं खातं. त्यामुळे चार वाटा होतात, मी चारही चालून बघितल्यात, काही लांबपर्यंत तर काही कोपऱ्यापर्यंतच.

पहिली, फक्त बेकरी बंद. पाव, खारी, टोस्ट, बिस्किट नाही, पोळी-भात चालू. सगळ्यात सोपी, घरात भांडण नाही, खर्च उलट वाचतो. तोटा एकच, पोळी ताटात आहे म्हणून मन म्हणतं पावाने असं काय होणार आणि पंधरा दिवसांत तुम्ही परत टपरीवर. हो आणि ब्राऊन ब्रेडवर जाऊ नका प्लीज, पाकीट उलटं करून वाचा, बऱ्याच ब्राऊन ब्रेडमध्ये पहिला घटक मैदाच असतो आणि रंग कॅरॅमलचा.

दुसरी, गहू-मैदा बंद, ज्वारी-बाजरी-नाचणी चालू. आपल्या महाराष्ट्रात ही वाट सगळ्यात जास्त टिकते असं माझं मत आहे, कारण यात पर्याय शोधावा लागत नाही, तो आजीच्या काळापासून परातीत आहेच. २०२३ साल भरड धान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं आणि शहरातल्या दुकानांतही ही पिठं सहज मिळतात. पण एक गैरसमज काढून टाका, ज्वारी म्हणजे कमी कार्ब, म्हणजे कमी कर्बोदकं, असं नाही. १०० ग्रॅम पिठात गहू असो की ज्वारी, कार्ब ७० ग्रॅमच्या आसपासच, कॅलरीही जवळपास सारख्या. वर भाकरी जाड असते, मध्यम भाकरीला ५०-६० ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे एक भाकरी हिशोबाने दोन पोळ्या. मी सुरुवातीला ज्वारी आहे म्हणून तीन भाकऱ्या हाणत होतो आणि वजनकाटा का हलत नाही म्हणून काट्याचा सेल बदलला.

मग फायदा काय? तर भाकरी माणूस उगाच खात नाही. पाव येताजाता तोंडात जातो, भाकरीसाठी कुणाला तरी पाणी उकळून, पीठ मळून, थापून, तव्यावर पाण्याचा हात फिरवून, मग विस्तवावर फुगवावी लागते. आमच्याकडे ते मीच शिकलो, कारण बायकोने पहिल्याच दिवशी सांगितलं, डाएट तुझं तर भाकरीही तुझी. ज्वारीत ग्लुटेन, म्हणजे गव्हात असतं ते चिकट प्रोटीन, नाही म्हणून पीठ धरून राहत नाही, गरम पाण्याने मळलं तर जमतं, पीठ जुनं असलं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि कडा चिरतात, म्हणून आठवड्याला लागेल तेवढंच दळून आणायचं. पहिल्या आठवड्यात माझ्या भाकऱ्या महाराष्ट्राच्या नकाशासारख्या व्हायच्या, कोकण नेहमी तुटलेलं. पण गरम भाकरीचा पापुद्रा सोलून तो तांबड्या रश्श्यात बुडवला ना, तेव्हा ब्रेडची आठवण पहिल्यांदा नीट गप्प बसली. पाव रस्सा पितो, भाकरी रस्सा धरते, फरक आहे पण भागतं.

तिसरी वाट म्हणजे तृणधान्य सगळं बंद, डाळी-कडधान्यं, भाज्या, दही, अंडी, चिकन-मासे चालू. ही मी साडेतीन महिने केली. जेवण चांगलं होतं, उसळ वाटीभर, भाजी दोन वाट्या, मुगाचं धिरडं, बेसनाचं पोळं. प्रोटीन आपोआप वाढतं म्हणून भूक धरून राहते, दुपारची पेंग माझी तरी गेली. त्रास दोन. एक म्हणजे पोट, पोळी-भाकरीचा चोथा गेला की पहिल्या आठवड्यात काहींचं गच्च होतं आणि उसळीचं प्रमाण एकदम वाढवलं की काहींचं ढोल होतं, भाजी वाढवा, जवस भाजून खा, इसबगोल घेतलं तर पाणी भरपूर प्या. दुसरा त्रास लग्नात. पंगतीत भात नको पोळी नको म्हटलं की वाढपी तर सोडाच, शेजारचे काका तुमची तब्येत विचारायला लागतात.

इथेच लोक एका खड्ड्यात पडतात तो सांगतो, उपवासाचे पदार्थ. एकादशीला धान्य चालत नाही आणि साबुदाणा चालतो, म्हणजे साबुदाणा डाएटला चालणार असा हिशोब. अहो साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, १०० ग्रॅममध्ये कार्ब ८५ ग्रॅमच्या पुढे आणि प्रोटीन नावाला. आणि भगर? ती तर सरळसरळ तृणधान्यच आहे, उपवासाला कशी पास झाली देव जाणे. राजगिरा मात्र खरंच गवताच्या जातीचा नाही आणि १०० ग्रॅममध्ये १३-१४ ग्रॅम प्रोटीन आहे, धान्य सोडलेल्याला तो चालेल, पण कार्ब त्यातही भरपूर, त्यामुळे लाडूचा डबा समोर ठेवून बसू नका.

चौथी, कीटो, म्हणजे कार्ब अगदी कमी आणि स्निग्ध पदार्थ भरपूर. दिवसाला कार्ब २० ते ५० ग्रॅम, म्हणजे डाळीही गेल्या, दोन भाकऱ्यांत तर निदान दीड दिवसाचा कोटा संपतो. हा आहार मुळात वजनासाठी नव्हता, १९२१ च्या सुमारास अमेरिकेत अपस्माराच्या पेशंटसाठी तो मांडला गेला. पहिल्या आठवड्यात वजन झरझर उतरतं पण त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो, शरीरातला ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, संपतो आणि त्याने धरून ठेवलेलं पाणी जातं, त्याबरोबर मीठही जातं म्हणून डोकं दुखतं, अंग मोडून येतं. शाकाहारी माणसाला आपल्याकडे हे फार अवघड, पनीर खाऊन खाऊन पनीरचा राग येतो. मी अंडी-चिकन खाणारा असूनही एकोणीस दिवसांत हात टेकले. ज्यांना जमतं त्यांना जमतं, माझी काही तक्रार नाही.

दोन गोष्टी मात्र चारही वाटांच्या आधी. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरशी बोलल्याशिवाय कार्ब तोडू नका, शुगर खाली कोसळू शकते, आणि काही नव्या गोळ्यांवर तर कीटो धोक्याचं ठरतं. आणि गहू खाल्ल्यावर पोट बिघडतं असा संशय असेल तर गहू सोडायच्या आधी ग्लुटेन न सोसण्याच्या आजाराची, म्हणजे सिलिअ‍ॅकची रक्ततपासणी करा, आधीच सोडला तर रिपोर्ट खोटा नॉर्मल येऊ शकतो. खरंच सिलिअ‍ॅक निघालं तर गिरणीतलं पीठही बघावं लागतं, तुमच्या ज्वारीच्या आधी कुणाचा तरी गहू दळलेला असतोच.

आता तलफ. तुम्हाला नक्की काय आठवतंय ते आधी ओळखा. बुडवणं आठवत असेल तर दुसऱ्या वाटेवर भाकरी, तिसऱ्या वाटेवर बेसनाचं जाडसर पोळं. पोळ्यात कार्ब एका पावाएवढेच येतात, २०-२५ ग्रॅम, पण बरोबर ८-९ ग्रॅम प्रोटीनही येतं आणि दुसरं खावंसं वाटत नाही. कीटोवर असाल तर अंड्याची जाड पोळी, रस्सा फार धरत नाही पण हात रिकामा राहत नाही.

मऊ लुसलुशीत काहीतरी दातांखाली हवं असेल तर बदामाच्या पिठाचा मगातला ब्रेड. तीन चमचे पीठ, एक अंडं, चमचाभर बटर, चिमूटभर बेकिंग पावडर आणि मीठ, मगात फेटून मायक्रोवेव्हमध्ये दीड मिनिट. फुगतो, कापता येतो, तव्यावर बटरमध्ये भाजला की चक्क टोस्टसारखा वास येतो. कार्ब ५ ग्रॅमच्या आसपास, पण कॅलरी ३०० च्या घरात, आणि पीठ ज्वारीच्या कितीतरी पट महाग. विकतचा कीटो ब्रेड मी एकदा मागवला, किंमत ऐकून आई गप्पच झाली, आणि घटक वाचले तर दुसऱ्याच नंबरला गव्हाचं ग्लुटेन. कार्ब कमी, ठीक आहे, पण ग्लुटेन टाळणाऱ्याने तो चुकून खाल्ला तर झालं कल्याण.

आणि चार वाजताची तलफ असेल, चहा आला की हात खारीच्या डब्याकडे जातो ती, तर तिला पर्याय शोधूच नका. मी शेंगदाणे ठेवले, मखाणे ठेवले, ते खाल्ले आणि वर खारीही खाल्ली. शेवटी चहाची वेळच तीनवर आणली आणि चारला चक्क खाली चक्कर मारायला लागलो, बेकरीच्या उलट्या दिशेने. तीन आठवडे लागले पण सुटली.

गोव्यात मात्र हरलो. सकाळी साडेसहाला पदेराच्या, म्हणजे तिथल्या पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजला, पों पों, आणि गरम पोई, म्हणजे गोव्याचा पाव, दारात. कोंड्याची असते म्हणून चालेल असं स्वतःला समजावत दोन खाल्ल्या. कोंडा गव्हाचाच असतो, हे मला माहीत होतं.

तर ठरवणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, शुगर किंवा सिलिअ‍ॅकसारखं ठोस कारण नसेल तर दुसरीपासून सुरू करा, भाकरी दीडच्या वर नको, दोन महिने बघा, मग वाटलं तर तिसरी. चौथीवर मित्र गेला म्हणून जाऊ नका. मी सध्या सोमवार ते शनिवार दुसरीवर आहे आणि रविवारी मिसळ ब्रेडसकट खातो, वेटरला पण बरं वाटतं. बदामाच्या पिठाचं अर्धं पाकीट अजून फ्रीजमध्ये आहे, पुण्यात कुणाला हवं असेल तर सांगा, लवकर खवट होतं ते.