यूसीडीपी की अ‍ॅक्लेड? संघर्षाची आकडेवारी निवडताना

कलिनात, म्हणजे मुंबई विद्यापीठात, एम.ए.च्या प्रबंधासाठी दक्षिण आशियातला हिंसाचार मोजायचा, तर दोन माहितीसंच समोर येतात: स्वीडनच्या उप्साला विद्यापीठाचा यूसीडीपी (उप्साला कॉन्फ्लिक्ट डेटा प्रोग्रॅम) आणि संघर्ष व आंदोलनांच्या घटना नोंदवणाऱ्या स्वतंत्र संस्थेचा अ‍ॅक्लेड. आधी वर्षं बघा. अ‍ॅक्लेडच्या भारतातल्या नोंदी २०१६ पासूनच्या. २६/११ चा हल्ला तिथे सापडणारच नाही. यूसीडीपीच्या घटनानिहाय नोंदी १९८९ पासून आहेत. विषय २००८ ला शिवत असेल, तर प्रश्न इथेच मिटला.

खरा फरक व्याख्येत आहे. यूसीडीपी वर्षाला किमान २५ मृत्यू झालेला संघटित संघर्षच धरतो, १,००० झाले की युद्ध म्हणतो. अ‍ॅक्लेडला अशी अट नाही. मोर्चा, दंगल, एकही माणूस न मेलेली चकमकसुद्धा तिथल्या तक्त्यात एक ओळ असते. म्हणूनच नुसत्या ओळी मोजून ‘भारतात हिंसा वाढली’ असं लिहिणं ही सर्वांत घातक चूक. शांततेत निघालेले मोर्चेही त्या आकड्यात असतात! घटनाप्रकाराच्या स्तंभावर चाळणी लावल्याशिवाय आलेख काढूच नका.

मृत्यूंसाठी यूसीडीपी सरस: किमान, कमाल आणि सर्वोत्तम असे तीन अंदाज देतो. आंदोलनांवर लिहिणार असाल तर मात्र अ‍ॅक्लेडच घ्या, आणि फाइल उतरवल्याची तारीख प्रबंधात नोंदवा, कारण जुन्या नोंदीही नंतर दुरुस्त होतात. दोन्हींचे आकडे एका बेरजेत घालू नका; एकच घटना दोनदा मोजली जाते.

नकाशा करताना स्थान-अचूकतेचा स्तंभ तपासा. नेमकी जागा न कळलेली घटना एखाद्या मोठ्या गावावर टाकलेली असू शकते, आणि मग तिथे खोटाच लाल ठिपका उठतो.