जपानात झालेलं लग्न सोलापुरात ‘नोंदवताना’ ६५ हजार गेले

एसटीत मी तिकीट तपासनीस होतो. बनावट पास हातात आला की नुसत्या कागदाच्या जाडीवरून ओळखायचो. तोच मी मागच्या वर्षी एक बनावट विवाह प्रमाणपत्र घरी आणलं, देवापुढे ठेवलं आणि त्याला हळदकुंकू वाहिलं. हसायचं तर हसा. पण घरातलं कुणी परदेशात लग्न करून बसलं असेल तर वाचाही.

धाकटा जपानात नोकरीला आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याने तिथल्याच मुलीशी लग्न केलं. लग्न म्हणजे काय, तर वॉर्ड ऑफिसात एक अर्ज दिला, त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या, संपलं. मंगलाष्टका नाहीत, पंगत नाही. आमच्या गावात कुंभारकन्येचं लग्न सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी दरवर्षी लागतं आणि त्याला अख्खं सोलापूर अक्षता टाकायला जातं. अशा गावातल्या बापाला अर्जावरचं लग्न पचायला जडच. जानेवारी २०२४ मध्ये त्याच सोहळ्याला, गड्ड्याच्या यात्रेला, दोघं आले. सूनबाईंनी संमती कट्ट्यापाशी गर्दीत उभं राहून अक्षता टाकल्या, कडक भाकरी आणि शेंगाचटणी आवडीने खाल्ली. जवळच्या लोकांना बोलावून आम्ही छोटं रिसेप्शन केलं, हार घालून फोटो काढले.

पोरगा म्हणाला, दोन वर्षांनी भारतात परत यायचा विचार आहे, तिच्यासाठी ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिकाला भारतात दीर्घकाळ राहायची मुभा देणारं कार्ड, काढावं लागेल. एवढंच म्हणाला. धावपळ मी सुरू केली. निवृत्त माणसाला काम लागतं.

ओळखीच्या एकाने एजंटचं नाव सुचवलं. नवी पेठेच्या बाजूला एका जिन्यावर ऑफिस, भिंतीवर झेंडे, टेबलावर पासपोर्टचा गठ्ठा. माणूस तोंडाने गोड. “काका, जपानचा कागद जपानीत. इथं कोण वाचणार ओ? लग्न भारतात नोंदवलेलं पाहिजे, नाहीतर सूनबाई कायमच्या टुरिस्ट.” मी विचारलं, जपानी मुलीचं लग्न इथे कोणत्या कायद्याने नोंदवणार? त्याचं उत्तर तयार होतं. “जपानी म्हणजे बौद्ध की ओ. हिंदू विवाह कायद्यात बौद्ध येतात, बघा कलम २.”

कलम २ मध्ये बौद्ध येतात, हे खरं आहे. परदेशी पती किंवा पत्नीला ओसीआय मिळायला लग्न नोंदवून सलग दोन वर्षं झालेली असावी लागतात, हेही त्याने सांगितलं आणि तेही खरं निघालं. नागरिकत्व कायद्याच्या कलम ७अ मध्ये तसं लिहिलेलं आहे. दोन गोष्टी खऱ्या निघाल्यावर तिसरी तपासायची बुद्धी होत नाही. तिसरी अशी होती : “दोन वर्षं थांबायची गरज नाही. तारखेचं आम्ही बघून घेतो.”

तारखेचं म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर विचारायचं नव्हतं.

मग पैसे. आधी २५ हजार रोख. मग २५ हजार आणि शेवटी ‘अपोस्टिलचे’, म्हणजे कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून परराष्ट्र मंत्रालय लावतं त्या स्टिकरचे, १५ हजार, हे दोन्ही मोबाइलवरून त्याने सांगितलेल्या नंबरवर. समोर नाव भलत्याच बाईचं दिसलं. “मेव्हणीचं खातं आहे,” म्हणाला. त्याने विवाह नोंदणीचा, नमुना ‘ड’ चा कोरा अर्ज पुढे केला. माझ्या दोन मित्रांच्या आणि एका भाच्याच्या साक्षीदार म्हणून सह्या मीच गोळा करून दिल्या. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघून केल्या. लग्नपत्रिका लागते म्हणाला, तर शंभर पत्रिका त्यानेच छापून आणल्या. ‘श्री सिद्धेश्वर प्रसन्न’, ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’, मुहूर्त, स्थळ, सगळं साग्रसंगीत. तारीख होती २० फेब्रुवारी २०२२. मी ती वाचली. वाचून गप्प बसलो.

पुतण्याच्या लग्नाच्या नोंदणीला मी स्वतः गेलो होतो. नवरा-नवरी दोघांना कार्यालयात समोर उभं राहावं लागतं, सह्या तिथे कराव्या लागतात, हे मला माहीत होतं. इथे दोघं टोकियोत आणि प्रमाणपत्र माझ्या हातात! तरी डोक्यात प्रकाश पडला नाही.

प्रमाणपत्राचा फोटो पोराला पाठवला तेव्हा वाटलं शाबासकी मिळेल. रात्री व्हिडिओ कॉल आला. सूनबाई शेजारी बसलेल्या. त्यांनी आधी स्वतःचं नाव दाखवलं. जपान्यांना मधलं नाव नसतं, ह्याने आपल्या रिवाजाप्रमाणे घुसडून दिलं होतं. मग पोरगा म्हणाला, “पप्पा, फेब्रुवारी २०२२ मध्ये मी इथे होतो. हिने तोवर भारत पाहिलासुद्धा नव्हता. कोरोनामुळे बंद झालेली नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानं तर २७ मार्च २०२२ ला सुरू झाली. आमच्या पासपोर्टवरचे शिक्के बघितले तर हा कागद पाच मिनिटं टिकणार नाही.” थोडं थांबून म्हणाला, “आणि आम्ही हा अर्जाला लावला असता तर?”

लावला असता तर ओसीआय मिळूनही उपयोग नव्हता. फसवणूक करून किंवा खोटी माहिती देऊन मिळवलेलं कार्ड कलम ७ड खाली रद्द होतं. त्यातून पती-पत्नीच्या अर्जाला आधी सुरक्षा तपासणी असते, म्हणजे तारखा बघितल्या जाणारच. सूनबाई काहीच बोलल्या नाहीत. नंतर कळलं, त्यांनी पोराला विचारलं होतं, ‘आपलं लग्न तुझ्या वडिलांना खरं वाटत नाही का?’

दुसऱ्या दिवशी विवाह नोंदणी कार्यालयात गेलो. तिथल्या बाईंनी रजिस्टर काढलं. माझ्या कागदावरच्या क्रमांकाला दुसऱ्याच जोडप्याची नोंद. अपोस्टिलचं स्टिकर परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तपासलं, तोही क्रमांक मिळेना. त्या स्टिकरची सरकारी फी कागदामागे ५० रुपये आहे, वर अधिकृत एजन्सीचा सेवा आकार. मी १५ हजार मोजले होते.

वकिलांनी समजावलं ते असं. लग्न जपानच्या कायद्याने एकदा झालं, नोंद सूनबाईंच्या कुटुंबनोंदवहीत, म्हणजे कोसेकीत, झाली. ते लग्न पूर्ण आहे, सोलापुरात पुन्हा ‘लावायची’ गरज नाही. विधी न करता नुसतं प्रमाणपत्र घेतलं तर त्याने हिंदू विवाह होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्येच स्पष्ट केलंय. भारताच्या दप्तरी नोंद हवीच असेल तर १९६९ च्या परदेशी विवाह कायद्याच्या कलम १७ खाली ती तिथल्या भारतीय दूतावासात मागता येते. आणि ओसीआयसाठी पोराने काय केलं? कोसेकीची प्रत काढली, ४५० येन. तिच्यावर जपानच्या परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल घेतलं, फुकट. जपान आणि भारत दोघंही अपोस्टिलच्या करारात असल्यामुळे तो कागद इथे चालतो, फक्त सोबत इंग्रजी भाषांतर जोडायचं. प्रत मात्र तीन महिन्यांच्या आतली लागते. दोन वर्षं पुरी होईपर्यंत सूनबाईंना इकडे राहायचं असेल तर भारतीयाची पत्नी म्हणून एंट्री व्हिसा मिळतो. म्हणजे ‘कायमच्या टुरिस्ट’ ही पण थापच. कार्डाची फी परदेशातून अर्ज केला तर २७५ डॉलर, भारतात १५ हजार रुपये. तेवढीच.

एजंटच्या ऑफिसला तोवर कुलूप लागलं होतं. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला, त्यांनी पहिला प्रश्न विचारला, पैसे कधी पाठवले? दोन महिने झाले म्हटल्यावर मला माझाच आवाज ऐकवेना. त्या नंबरवर पहिल्या काही तासांत कळवलं तर खात्यात पैसे अडवता येतात. पोलिसांत लेखी तक्रार दिली. कोऱ्या अर्जावर सह्या मीच गोळा केल्या, पत्रिकेवरची तारीख मला दिसली होती, हेही त्यात लिहिलं. वकील म्हणाले, लपवलंत तर तुम्हीच त्याचे भागीदार दिसाल. सगळ्यात जड गेलं ते दोन्ही मित्रांच्या घरी जाऊन सांगणं, की तुमच्या सह्या एका खोट्या कागदावर आहेत. एकाने चहा दिला. दुसऱ्याने अजून फोन उचललेला नाही.

पोलिसांनी पुरावा म्हणून पाच पत्रिका नेल्या. उरलेल्या ९५ माळ्यावर आहेत. बायको म्हणते मागून कोऱ्या आहेत, दुधाच्या हिशेबाला होतील.