खाऱ्या हवेतली गाडी: वर्षभर स्वतः निगा राखल्यानंतरचा अनुभव

गेल्या वर्षीच्या पावसाळ्याआधीपासून गाडीचा रंग, बाहेरचं काळं प्लास्टिक आणि आतलं तेलपाणी या तिन्हींची निगा मी स्वतः राखते आहे. गाडी पेट्रोल हॅचबॅक, गडद निळी, सहा वर्षांची. रत्नागिरीत समुद्राकाठच्या भाट्याच्या बाजूला आंब्याखाली उघड्यावर उभी असते. इंटरनेटवर मिळणारे बहुतेक सल्ले कोरड्या हवेतल्या, छपराखालच्या गाड्यांचे असतात. आपल्याकडे समुद्राचा वारा, जांभ्याची लाल धूळ आणि चार महिन्यांचा पाऊस हे तिन्ही एकाच गाडीवर येतात. सगळे ऋतू बघून झाल्यावर माझं मत असं झालं आहे, की मीठ वेळेवर धुणं आणि ब्रेक ऑइल आणि कूलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव) मुदतीत बदलणं ही पहिली कामं. मेण-पॉलिशच्या बाटल्यांचा नंबर त्यानंतर.

आधी मिठाबद्दल. समुद्रावरून उडणारे बारीक तुषार सुकले की पत्र्यावर मिठाचा पातळ थर राहतो. सकाळी काच धुरकट दिसते ती यामुळेच. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की हे मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि स्वतःच ओलं होतं. म्हणजे पाऊस नसला तरी कोकणात रात्रभर गाडीच्या अंगावर खारट पाणी बसलेलं असतं. रंग शाबूत आहे तिथे त्याचं फारसं चालत नाही. खडी उडून टवका गेलेला असतो तिथे, चाकाच्या कमानीत आणि दारांच्या खालच्या कडेला ते गंज धरवतं.

म्हणून दर आठवड्याला मी आधी गाडीच्या खालच्या भागावर पाणी मारते: चाकांच्या कमानी, दारांखालचे उंबरठे, बंपरच्या मागची बाजू. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला भोकं ठेवलेली असतात, ती वाकून बोटाने चाचपून बघा. माझ्या गाडीच्या मागच्या डाव्या दाराची दोन्ही भोकं मातीने बुजली होती. केबल टायचं टोक आत सरकवलं तेव्हा आधी विटकरी चिखलाची गुठळी आली आणि मग कितीतरी वेळ पाणी ठिबकत राहिलं. बाहेरून दार चकचकीत दिसत होतं आणि आत पाणी साठलेलं होतं. तसंच बॉनेट आणि पुढच्या काचेच्या मधल्या काळ्या जाळीत आंब्याची पानं कुजतात, तिथली वाट तुंबली की पाणी गाडीत उतरायला लागतं. मृग लागायच्या आत ही जाळी हाताने साफ करायचीच.

आता धुण्याबद्दल. आपल्याकडे सकाळी ओल्या फडक्याने गाडी पुसून काढायची सवय घरोघरी आहे, आणि रंगाचं सगळ्यात जास्त नुकसान तीच करते. जांभ्याची धूळ मऊ दिसते, पण तिच्यात कठीण कण असतात. फडकं फिरलं की ते रंगावर घासले जातात. गाडीच्या रंगाचे सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १२० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्यातला वरचा पारदर्शक क्लिअर कोट चाळीस-पन्नास मायक्रॉनचा. उन्हात बॉनेटवर गोल गोल जाळं दिसतं ना, ते याच थरावरचे ओरखडे. पॉलिश करून ते जातात, पण दर पॉलिशला हा थर थोडा कमी होतो आणि तो परत येत नाही.

माझी पद्धत साधी आहे. आधी भरपूर पाणी मारून धूळ सोडवायची. मग दोन बादल्या, एकीत शांपू आणि दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा दर पॅनेलनंतर साध्या पाण्यात खळबळून घ्यायचा. वरून खाली यायचं आणि चाकांना वेगळं फडकं ठेवायचं. शांपू मी ३एमचा वापरते, फेस ठीक आणि मागे चिकटपणा राहत नाही. भांड्यांचा साबण मात्र नको, तो रंगावरचं मेण धुऊन नेतो. पुसायला जाड टॉवेल हवाच, कारण मे महिन्यात आमच्या विहिरीचं पाणी मचूळ होतं आणि थेंब उन्हात सुकले की निळ्या रंगावर पांढरे वण उठतात. धुवायची वेळ सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, पत्रा गार असताना.

आंब्याखाली गाडी लावणाऱ्यांसाठी थोडं जास्त लिहिते, कारण यावर कुठेच काही सापडलं नाही. मोहोराच्या दिवसांत तुडतुडे गोड चिकट द्रव टाकतात आणि त्याचा पापुद्रा सगळ्या गाडीवर बसतो. बागायतदार त्याला चांगलेच ओळखून आहेत, पुढे त्याच्यावरच काळी बुरशी धरते. तो मुळात साखरेचा, त्यामुळे कोमट पाण्यात भिजवलेला टॉवेल पाच मिनिटं घालून ठेवला की न घासता सुटतो. आंब्याच्या देठाचा चीक मात्र वेगळा. तो आणि पक्ष्यांची विष्ठा, दोन्ही उन्हात क्लिअर कोट खातात. त्यांना आठवड्याच्या धुण्याची वाट पाहायला लावू नये. मी गाडीत पाण्याचा स्प्रे आणि जुना मायक्रोफायबर ठेवते आणि दिसल्या दिसल्या भिजवून उचलते.

रंगावर संरक्षक थर म्हणून मेण लावायचं की सीलंट, म्हणजे कृत्रिम रसायनाचा थर, हे ठरवायला एप्रिलमध्ये बॉनेटच्या मधोमध चिकटपट्टी लावून दोन भाग केले. डावीकडे कारनौबा मेण, उजवीकडे सिरॅमिक प्रकारातला स्प्रे सीलंट. कारनौबा हे ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचं मेण. लावल्यावर निळा रंग इतका खोल दिसला की पहिले काही दिवस मी डावीकडेच बघत होते. कोकणातल्या मे महिन्याने त्याला टिकू दिलं नाही. काही आठवड्यांत डावीकडे पाणी पसरायला लागलं, उजवीकडे पावसाच्या पहिल्या जोरातही थेंब गोळा होऊन पळत होते. बाटलीवर लिहिलेली मुदत त्यानेही गाठली नाही, ऑगस्टच्या मध्याला तो ढिला पडला. तरी दर तीन महिन्यांनी अर्ध्या तासात लागणारं काम म्हणून सीलंटच माझ्या पसंतीचा. लग्नकार्याला गाडी न्यायची असेल तर वरून मेणाचा हात देते.

सीलंटच्या आधी रंग गुळगुळीत हवा. पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून धुतलेल्या बॉनेटवरून फिरवा, रवाळ लागलं तर क्ले बार, म्हणजे रुतलेली घाण उचलणारी मातीसारखी मऊ वडी, ओल्या रंगावरून फिरवायचा. रेल्वे स्टेशनच्या पार्किंगमध्ये गाडी बराच वेळ उभी राहत असेल तर रेल्वेच्या ब्रेकचे लोखंडी कण रंगात रुतलेले असतात. लोखंड काढणारा स्प्रे त्यांच्यावर पडला की जांभळे ओघळ वाहायला लागतात. वास भयंकर, काम चोख. वर्षातून एकदा पुरे.

सिरॅमिक कोटिंगबद्दल, म्हणजे रंगावर चढवायच्या कडक पारदर्शक लेपाबद्दल, दरवेळी विचारलं जातं. चांगलं केलं तर ते टिकतं, धुणं सोपं होतं. पण जाहिरातीतला ९एच हा आकडा पेन्सिलच्या कठीणपणाच्या मापाचा आहे, त्याचा खडी उडण्याशी संबंध नाही. मुंबई-गोवा महामार्गावर रोज जाणाऱ्या गाडीचे टवके त्याने थांबत नाहीत, त्याला जाड पारदर्शक फिल्म लागते. सहा वर्षांच्या गाडीवर त्यासाठी हजारो रुपये घालायला मी तयार नाही. नवी गाडी असती, वर छप्पर असतं, तर विचार केला असता.

पैशाच्या मानाने डोळ्यांना सगळ्यात जास्त सुख दिलं ते काळ्या प्लास्टिकने. बंपरचा खालचा भाग, आरशांचे दांडे, वायपरखालची जाळी, हे सगळं उन्हाने पांढुरकं झालं होतं. अतिनील किरणांनी प्लास्टिकचा वरचा पापुद्रा मोडतो आणि खडूसारखी भुकटी दिसायला लागते. यावर खोबरेल तेल, डिझेल, रॉकेल असे घरगुती उपाय सर्रास सांगितले जातात. दोन दिवस काळं दिसतं, मग त्यावर लाल धूळ बसून घट्ट होते. शिवाय डिझेल-रॉकेल दारांच्या रबरी बीडिंगला लागलं तर रबर फुगतं. मी ऑल पर्पज क्लीनर आणि मऊ ब्रशने प्लास्टिक आधी घासून घेतलं (निघालेलं पाणी तपकिरी होतं), पूर्ण सुकवलं आणि ३०३ एरोस्पेस प्रोटेक्टंट लावलं. ते पाण्यावर आधारलेलं आहे, तेलकट होत नाही आणि मूळचा मंद काळेपणा परत आणतं. भर पावसात महिनाभर, एरवी त्याहून थोडं जास्त टिकतं. डॅशबोर्डलाही तेच, काचेत प्रतिबिंब पडत नाही. बीडिंगला सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात दिला, त्यामुळे दारं चिकटत नाहीत आणि गळतही नाहीत.

आता तेलपाणी. इथे निगा राखली की नाही ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून लोक टाळतात.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, हा त्याचा स्वभावच आहे. डॉट ३, डॉट ४ हे ब्रेक ऑइलचे दर्जे. नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पण त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की मानकात किमान १५५ अंशच धरलेले आहेत. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४०. आंबा घाट साखरप्याच्या बाजूला उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवले तर कॅलिपर (चाकाची ब्रेक डिस्क दाबून धरणारा भाग) एवढे तापतात की जुन्या तेलातल्या पाण्याची वाफ होऊ शकते. वाफ दाबली जाते, मग पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. घाट खालच्या गिअरमध्येच उतरायचा, पण तेलही ताजं हवं. आमच्या दमट हवेत दोन वर्षं ही शेवटची मर्यादा समजा. माझ्या गाडीतून निघालेलं तेल कोऱ्या चहासारखं होतं, नवं जवळजवळ पाण्याच्या रंगाचं. बदलल्यावर पेडलचा दाब पहिल्याच वळणावर वेगळा जाणवला. हे काम ओळखीच्या मेकॅनिककडूनच करून घ्या, लाइनमध्ये हवा राहिली तर सगळं फुकट. सांडलेला थेंब लगेच भरपूर पाण्याने धुवा, कारण हे तेल गाडीचा रंग उतरवतं.

कूलंटला आपल्याकडे थंडीत पाणी गोठू नये म्हणून घालायचं औषध समजतात आणि कोकणात त्याचं काय काम म्हणून नळाचं पाणी ओततात. कूलंटमधलं मुख्य रसायन ग्लायकॉल आणि पाणी निम्मं निम्मं असलं की ते १०० ऐवजी साधारण १०७ अंशांना उकळतं, आणि रेडिएटरच्या टोपणाने धरलेल्या दाबामुळे आणखी वर. त्याहून मोठं काम गंज रोखणाऱ्या रसायनांचं. ग्लायकॉल टिकून राहतं, ही रसायनं संपतात, म्हणून रंग छान दिसत असला तरी मुदत संपलेली असू शकते. हिरवं-गुलाबी बघून एकमेकांत मिसळू नका, रंग हा कंपनीचा, रसायनाचा प्रकार बाटलीच्या मागे लिहिलेला असतो. मी मॅन्युअलमध्ये दिलेला प्रकार तयार मिश्रणाच्या रूपात घेते. कमी पडलं तर तेच भरायचं. अडीअडचणीला डिमिनरलाइज्ड (क्षार काढलेलं) पाणी, आणि तेही इंजिन पूर्ण गार झाल्यावरच टोपण उघडून.

इंजिन ऑइलला फार लिहिण्यासारखं नाही. मॅन्युअलमधली ग्रेड घ्या, किलोमीटर झाले नसले तरी वर्षाला बदला. पावसाळ्यात एक गोष्ट हमखास घाबरवते: तेल भरायच्या झाकणाखाली दुधाळ पिवळट साय. बाजार-शाळा-घर एवढंच गाडी चालत असेल तर इंजिन पुरतं तापत नाही आणि आतलं दव तेलात मिसळून तिथे जमतं. पाली किंवा लांज्यापर्यंत एक सलग फेरी मारली की बहुतेकदा जातं. तीच साय डिपस्टिकवर (तेल मोजायच्या कांडीवर) दिसली किंवा कूलंट कमी होत असेल तर मात्र त्याच दिवशी मेकॅनिक गाठा.

पावसाळ्यात गाडी दोन-तीन दिवस उभी राहणार असेल तर सपाट जागी पहिल्या गिअरमध्ये ठेवते, चाकाला दगड लावते आणि हँडब्रेक सोडते, नाहीतर मागच्या चाकांचे ड्रम ब्रेक चिकटतात. सीट बेल्टवर बुरशी येते, ती सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून पट्टा पूर्ण बाहेर ओढून वाळवायचा. पायाखालची मॅट घरात आणून सुकवायची, आणि पोचायच्या आधी थोडा वेळ एसी लावून आतला दमटपणा काढायचा.

राहिला आहे तो हेडलाइटचा पिवळेपणा. टूथपेस्टने घासलं की काच आठवडाभर चमकते आणि पुन्हा पिवळी पडते, कारण ती काच खरं तर पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक असते आणि तिच्यावरचा अतिनील किरणांपासून वाचवणारा थर आधीच गेलेला असतो. नीट करायचं तर पॉलिश पेपर १००० नंबरपासून ३००० नंबरपर्यंत (नंबर जितका मोठा तितका कागद बारीक) चढत न्यायचा आणि लगेच अतिनीलरोधक क्लिअर कोट मारायचा. दोन घटकांचा कोट जास्त टिकतो, पण त्याला कोरडी हवा लागते आणि तो मारताना योग्य मास्क घालावा लागतो. ऑक्टोबरचं ऊन पडलं की ते काम घेणार आहे.