मार्शल डीएसएल २० सीआर: बँडसाठी ट्यूब अ‍ॅम्प घेणाऱ्यांनी वाचा, जरा लांबड आहे

आधीच सांगून टाकते, अ‍ॅम्प चांगला आहे, घ्या, पण तुमचा ड्रमर कोण आहे ते बघून घ्या. गंमत करत नाहीये. ट्यूब अ‍ॅम्प (ज्यात ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या ट्यूब आवाज वाढवतात) म्हटलं की सगळे वॅट, ट्यूब, स्पीकर यावर तासन् तास बोलतात आणि ज्याच्या शेजारी उभं राहून वाजवायचंय तो किती जोरात हाणतो हे कोणी विचारतच नाही. आमचा हाणतो. स्टिक्स फुटेपर्यंत हाणतो.

तर आमचा पुण्यातला बँड, दोन गिटार, बेस, ड्रम्स, एक गायक. हिंदी-मराठी कव्हर्स, अधूनमधून आपली गाणी, कॅफे, कॉलेज फेस्ट, कंपन्यांचे फॅमिली डे आणि गणपतीत कुठल्या तरी सोसायटीचं स्टेज. मी सिंगल कॉइल पिकअपची, पातळ-तीक्ष्ण आवाजाची स्ट्रॅट गिटार वाजवते, दुसऱ्या गिटारवाल्याकडे हंबकर पिकअपवाली, जाड आवाजाची लेस पॉल आहे. माझ्याकडे आतापर्यंत साधा सॉलिड स्टेट (ट्रान्झिस्टरवाला) अ‍ॅम्प होता, घरी मस्त वाजायचा आणि प्रॅक्टिसला गेलं की गायब. आवाज मोठा केला तर कानाला टोचायचा, कमी केला तर कोणाला ऐकूच यायचा नाही.

शेवटी तीन नावं उरली. फेंडर ब्लूज ज्युनिअर, व्हॉक्स एसी १५ आणि हा मार्शल. तिन्ही कॉम्बो (सर्किट आणि स्पीकर एकाच डब्यात), तिन्हींत १२ इंची एकच स्पीकर, पहिले दोन १५ वॅट आणि मार्शल २०.

वॅटबद्दल इथेच बोलून घेऊ कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहेत. १५ चा ३० वॅट केला म्हणजे आवाज डबल होत नाही, फक्त ३ डेसिबल वाढतो, म्हणजे कळेल न कळेल इतकाच, कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. वॅट वाढवून खरं काय मिळतं तर हेडरूम, म्हणजे आवाज न फाटता कुठपर्यंत स्वच्छ राहतो ती जागा. तुम्ही क्रंच (थोडा फाटलेला आवाज) वाजवणार असाल तर १५-२० वॅट भरपूर झाले, उलट थोडं फाटलेलंच छान लागतं. पण जोरदार ड्रम्सच्या वर काचेसारखा क्लीन हवा असेल तर १५ वॅट अपुरे पडतात, मग ४० वॅटवाला फेंडर हॉट रॉड डीलक्स किंवा सरळ रोलँड जेसी १२० बघा, तो ट्यूबवाला नाहीये पण १९७५ पासून क्लीनसाठी लोक त्याचंच नाव घेतात आणि मोठ्या शोला भाड्याच्या बॅकलाइनमध्ये (स्टेजवरच्या वाद्यांच्या सामानात) बहुतेक वेळा तो असतोच.

स्पीकरचंही तेच. कॅबिनेट तेच ठेवून ९७ डेसिबल सेन्सिटिव्हिटीच्या (म्हणजे एका वॅटला किती आवाज देतो) स्पीकरऐवजी १०० चा लावला की वॅट दुप्पट केल्याइतकाच फरक पडतो, आणि याची जाहिरात कोणी करत नाही.

ब्लूज ज्युनिअर मला मनापासून आवडला. दोन ईएल८४ पॉवर ट्यूब (स्पीकरला ताकद देणाऱ्या), खरा स्प्रिंग रिव्हर्ब (खऱ्या स्प्रिंगमधून येणारा घुमारा), वजन चौदा किलोच्या आसपास, एका हातात उचलून दुसरा मजला चढता येतो. २०१८ च्या चौथ्या व्हर्जनपासून त्यात सेलेस्चन कंपनीचा ए-टाइप स्पीकर येतो. स्ट्रॅटबरोबर तर काय बोलावं, एकेक नोट गोल येते. पण चॅनल एकच आणि इफेक्ट्स लूप (ड्राइव्हच्या नंतर पेडल्स जोडायची जागा) नाही. म्हणजे ड्राइव्ह (फाटलेला आवाज) सगळा पेडलवरून घ्यायचा आणि अ‍ॅम्प स्वतः फाटायला लागला की डिले-रिव्हर्बची पेडल्स पुढून चिखल करतात. एकट्या गिटारचा बँड असता, ब्लूज किंवा पॉप वाजवत असतो, तर डोळे मिटून घेतला असता.

एसी १५ वर फार लिहीत नाही. आवाज अप्रतिम, कॉर्ड वाजवली की वरचे सूर झगमगतात, ट्रेमोलो (आवाजाची थरथर) आहे, सेलेस्चनचा ग्रीनबॅक स्पीकर आहे. वजन बावीस किलो. रिक्षात घालून बघा एकदा.

आता मार्शल. यातली एक गोष्ट मला फार आवडते, कंपनी ज्यांनी काढली ते जिम मार्शल स्वतः ड्रमर होते, ड्रम शिकवायचे, लंडनमध्ये दुकान होतं आणि तिथे येणाऱ्या गिटारवाल्यांना मोठ्या आवाजाचे अ‍ॅम्प हवे होते म्हणून १९६२ मध्ये स्वतःच बनवायला लागले, तेही फेंडरच्या बासमन नावाच्या मॉडेलचं सर्किट समोर ठेवून. म्हणजे गिटारवाले आज जो आवाज वाढवतात त्याच्या मुळाशी एक ड्रमरच आहे, हे आमच्या ड्रमरला सांगितल्यापासून तो फारच माजलाय.

डीएसएल ही लाइन १९९७ ची, ही सीआरवाली मॉडेल्स २०१८ ची. आत दोन ईएल३४ आणि तीन ईसीसी८३ (यालाच १२एएक्स७ पण म्हणतात, दोन्ही एकच, दुकानात गोंधळू नका). चॅनल दोन, क्लासिक गेन आणि अल्ट्रा गेन, पायाने बदलता येतात. इफेक्ट्स लूप आहे. २० वरून १० वॅटवर आणता येतो. वजन सोळा किलोच्या आसपास, म्हणजे ब्लूज ज्युनिअरपेक्षा थोडा जड पण ४० वॅटवाल्या मोठ्या भावाचे (डीएसएल ४०) तेवीस किलो नकोत बाबा.

आवाजाचं म्हणाल तर क्लासिक गेन हाच खरा अ‍ॅम्प आहे. गेन (आवाज किती फाडायचा तो नॉब) साधारण मधोमध, मिडल बऱ्यापैकी वर, आणि मग गिटारच्याच व्हॉल्यूम नॉबवर खेळायचं. नॉब सहावर आणला की जवळजवळ क्लीन, दहावर नेला की गुरगुरतो. एकाच चॅनलवर अख्खं गाणं निघतं, पेडलला पायसुद्धा लावावा लागत नाही, आणि ट्यूब अ‍ॅम्पवर पैसे घालायचे ते याच्यासाठीच, बाकी सगळं आजकाल कुठलाही मॉडेलिंग (डिजिटल नक्कल करणारा) अ‍ॅम्प करतो. बोटांचा जोर कमीजास्त केलेला कळतो. हळू वाजवलेलं खरंच हळू राहतं आणि जोरात मारलं की तो ओरडतो.

अल्ट्रा गेन हेवी वाजवणाऱ्यांसाठी. माझ्या सिंगल कॉइलवर गेन फार वर नेला की भणभण येते, दुसऱ्या गिटारवाल्याच्या हंबकरवर मात्र जबरदस्त वाजतो, त्याने एकदा लावला आणि सोडायलाच तयार नव्हता.

मला न पटलेल्या गोष्टी दोन. दोन्ही चॅनलना बेस-मिडल-ट्रेबल एकच, म्हणजे क्लीनसाठी जमवलेलं ड्राइव्हला थोडं बोचतं, त्यामुळे मधलं काहीतरी शोधून तिथेच राहावं लागतं. आणि रिव्हर्ब डिजिटल आहे. काम चालतं, पण शेजारी फेंडरचा स्प्रिंग ऐकला असेल तर हळहळ वाटते. स्पीकर सेलेस्चनचा सेव्हंटी ८०, नवा असताना जरा रुक्ष वाटतो, वाजवून वाजवून मोकळा होतो. बदलायचा विचार आहे पण घाई नाही.

बँडमध्ये कसा बसतो ते महत्त्वाचं. घरी एकटीने वाजवताना आपण सगळेच बेस आणि ट्रेबल वर, मिडल खाली असं करतो, मस्त वाटतं. बँडमध्ये तोच आवाज मरतो, कारण खाली बेस गिटार आणि किक ड्रम बसलेत, वर झांजा, गिटारची जागा मधेच आहे आणि तीच आपण रिकामी करून ठेवलेली असते. मार्शलची मिड मुळातच पुढे असते त्यामुळे हा आवाज न वाढवता ऐकू येतो. आमचं ठरलंय, मी मिडल वर ठेवते, दुसरा थोडी खाली ठेवून बेस वाढवतो, म्हणजे दोन गिटार एकमेकींवर चढत नाहीत. २० वॅट आमच्या ड्रमरला पुरले का? क्रंचला सहज. एकदम क्लीन गाण्याला काठावर, तेव्हा त्याला रॉड्स (बारीक काड्यांच्या जुडीच्या हलक्या स्टिक्स) घेऊन वाजवायला लावतो. स्टेज मोठं असलं की समोर माइक लागतोच, मग अ‍ॅम्प फक्त आपल्याला ऐकू यायला हवा, १० वॅटवर टाकला तरी चालतो. कॅफेत माइक नसेल तर मागचं इम्युलेटेड आउट (माइक लावल्यासारखा आवाज देणारी लाइन) सरळ मिक्सरला द्या, ठीकठाक जातं. पण ते वापरताना स्पीकरची वायर काढू नका, ट्यूब अ‍ॅम्प स्पीकरशिवाय चालवला की आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

आता आपल्याकडची म्हणून काही दुखणी आहेत ती कुठल्याच परदेशी व्हिडिओत सांगत नाहीत.

एक म्हणजे अर्थिंग. हॉल, लॉन, मंडळाचं स्टेज, जनरेटर, टू-पिन एक्स्टेंशन, हे आपलं नेहमीचं. अर्थ नसेल तर अ‍ॅम्प गुणगुणतो तो गुणगुणतोच, पण गिटार हातात धरून माइकला ओठ लागला की झटका बसतो आणि तो जिवावर बेतू शकतो. सॉकेट टेस्टर बॅगेत ठेवा, प्लगचा तिसरा पाय कापून देणाऱ्या मंडपवाल्याला हात जोडा.

दुसरं, अमेरिकेतून येणारा भाऊ-मेहुणा. तिकडे स्वस्त मिळतो म्हणून मागवायचा मोह सगळ्यांना होतो. तिकडचा माल १२० व्होल्टचा, इथे २३०, सरळ लावला की धूर. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घेऊन चालवता येतो, पण मग सोळा किलोच्या वर ते लोखंडाचं ओझं पण प्रत्येक शोला न्या, शिवाय वॉरंटी कोण देणार. इथलाच घ्या.

तिसरं, ट्यूब्स. आज नव्या ट्यूब बनतात त्या मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये, २०२२ मध्ये रशियाने निर्यात थांबवली तेव्हा सगळ्यांचीच तारांबळ उडाली होती आणि भाव चढले. गंमत म्हणजे एकेकाळी आपल्या बेंगळुरूच्या बीईएलमध्ये (भारत इलेक्ट्रॉनिक्स) रेडिओसाठी ईएल८४ बनायच्या, जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्याच्या कपाटातून अजूनही एखादी जोडी निघते, पण त्या फेंडर-व्हॉक्सवाल्यांच्या कामाच्या, ईएल३४ आपल्याला विकतच आणावी लागते. पॉवर ट्यूब नेहमी जोडीने, मॅच्ड (एकसारख्या मोजमापाच्या), आणि बदलली की बायस (ट्यूबमधून वाहणारा स्थिर करंट) तपासून घ्यायचा, आत मोठं व्होल्टेज असतं, प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये राहतं, तेव्हा घरी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसू नका. एक जादा ईसीसी८३ मात्र बॅगेत असू द्या, ती कोणालाही बदलता येते. आणि शो संपला की अ‍ॅम्प लगेच गाडीत कोंबायचा नाही, आधी थंड होऊ दे, गरम ट्यूबला गचके सोसत नाहीत. रस्ते तुम्हाला माहीत आहेतच.

घेण्याआधी वाजवून बघाच. मुंबईत धोबी तलावला फुर्टाडोज आहे, १८६५ चं दुकान, पुण्यातही शाखा आहे. पण दुकानात आवाज किती वाढवू देणार, म्हणून मी तर सांगेन जिथे ट्यूब अ‍ॅम्प ठेवलाय अशी जॅमरूम तासभर भाड्याने घ्या, आपली गिटार, आपली पेडल्स आणि मुख्य म्हणजे आपला ड्रमर घेऊन जा. किंमत लिहीत नाही, आयात माल, रुपया हलला की हलते, आज लिहिलेली पुढच्या महिन्यात खोटी ठरेल.

फ्लॅटमध्ये राहून फक्त घरीच वाजवणार असाल तर यात पैसे घालू नका, १० वॅटसुद्धा शेजारच्या काकूंना पुरून उरतात, बॉस कटाना (मॉडेलिंगवाला) घ्या आणि निवांत राहा. दोन गिटारचा बँड, रॉककडे झुकणारी गाणी, महिन्याला दोनचार कार्यक्रम आणि अ‍ॅम्प स्वतः उचलायचा असेल तर हाच. सेकंडहँड मिळत असेल तर अर्धा तास चालू ठेवून ऐका, हळूहळू आवाज पडतो का, नॉब फिरवताना खरखर येते का, कॅबिनेटवर टिचकी मारली की खणखण येते का बघा, आणि मागच्या प्लेटवर २३० व्होल्ट लिहिलंय ना ते स्वतः वाचा.